बहारीनची रिकामी खुर्ची

शुक्रवार, २ एप्रिल २००४. सकाळपासून धूळ. वारा उत्तरेचा, ऊन फिकट. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल.

त्या दिवशीच्या डायरीत एवढंच लिहून मी पेन खाली ठेवलं. दुपारी बहारीनहून फोन यायचा होता आणि आमच्या घरात कुणालाच धड बसवत नव्हतं.

धुळीचं आणि किश्शांचं एकसारखंच आहे. आपण म्हणतो, कालच तर पुसलं होतं. आज बघावं तर पुन्हा थर! त्यातून किस्से कायदा शिकणाऱ्यांचे असले तर विचारूच नका. आपण साधी माणसं भांडण झालं की विसरतो. ही मंडळी भांडण मिटल्यावर त्यावर अपील करतात.

मी स्वतः कायदा शिकलेला नाही. मूळचा वसईचा, जुना अकरावी पास, दोह्यात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. माझी बायको मारिया हॉस्पिटलात नर्स. दोह्याच्या नजमा भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. हॉल जरा मोठा आणि बस स्टॉप जवळ, म्हणून दर शुक्रवारी तिघं, कधी चौघंही आमच्याकडे अभ्यासाला जमायचे. परदेशातल्या एका विद्यापीठाची कायद्याची पदवी हे चौघं टपालाने घेत होते. दोह्यातले चार मराठी वकील! म्हणजे होणारे. इन्शाल्ला.

*

आधी पळीचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चाललं.

सत्त्याण्णव साली मी आलो तेव्हा नजमातच एका बॅचलर रूमवर राहायचो. आठ जण, एक टीव्ही, एक बाथरूम. वाद रोजचेच. तिथे एक रीत पडली होती: त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी ज्याची, वादात शेवटचा शब्द त्याचा. ज्याच्या हाती पळी, त्याला उलटून बोलायचं नाही. कारण सोपं होतं. मटणाचा तुकडा कुणाच्या ताटात जाणार, हे पळीच ठरवायची!

पुढे मारिया आली, फ्लॅट घेतला, तरी ती रीत माझ्याबरोबर आली. शुक्रवारचा स्वयंपाक पाळीने, आणि स्वयंपाक करणारा त्या दिवसाचा अध्यक्ष.

पहिल्याच शुक्रवारी अश्फाकने हरकत घेतली. अश्फाक परकार रत्नागिरीकडचा, एका कार शोरूमच्या ऑफिसात क्लार्क. चौघांत सगळ्यात हुशार, आणि हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं. उभा राहून म्हणाला, "काका, जो स्वयंपाक करतो तोच न्याय करतो? हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे!"

पाळी होती दत्ता वाघमारेची. लातूरकडचा, दुखानला ड्राफ्ट्समन. रस्सा ढवळता ढवळता तो शांतपणे म्हणाला, "बरं. मग रस्साबी निसर्गाकडनंच घ्या."

अश्फाक बसला. ताट मात्र त्याने सगळ्यांच्या आधी पुढे केलं.

*

अश्फाकला मोठं व्हायची घाई फार. पहिल्या वर्षाचा निकाल लागायच्या आधी त्याने नजमातल्या टेलरकडून काळा कोट शिवून घेतला. जून महिना, बाहेर भट्टी पेटलेली, आणि हा कोट घालून बसमधून आला! दारात उभा तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

मारिया म्हणाली, "अरे, काढ तो. चक्कर येऊन पडशील."

"काकी, सवय करतोय."

"कसली? वकिलीची की तापाची?"

याच अश्फाकने एकदा कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात मालकाशी वाद घातला. मालक केरळचा, चहा अप्रतिम करायचा. अश्फाकने समोसा खाल्ला आणि मग म्हणाला, "पाटीवर किंमत नाही. म्हणजे प्रस्ताव अपूर्ण. म्हणजे करार झालाच नाही."

मालकाने गल्ल्यावरून मान वर न करता हिंदीत विचारलं, "समोसा किधर है?"

"खा लिया."

"खलास. करार पेट में है."

अश्फाकने पैसे दिले. परत येताना मला म्हणाला, "काका, हा माणूस जज व्हायला पाहिजे होता."

*

ग्रेटा आमच्याच बिल्डिंगमधली. तिचे वडील आमच्या गावचे. ती लहानाची मोठी दोह्यातच झाली, इंग्रजी शाळेत शिकली, मारियाच्याच हॉस्पिटलात रिसेप्शनवर लागली. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा तिचा जन्मापासूनचा करार. ग्रेटा मराठी बोलायची ती फक्त रागावल्यावर.

मारियाने घेतलेली इस्त्री दुसऱ्या दिवशी बंद पडली. दुकानदार परत घेईना. ग्रेटा बरोबर गेली आणि तिने इंग्रजीत त्याला ग्राहकाचे हक्क समजावले. अगदी मुद्देसूद. दुकानदार पाटीकडे बोट दाखवत राहिला: 'नो रिटर्न'. आणखी थोडा वेळ इंग्रजी. पुन्हा बोट.

मग तिचं डोकं फिरलं. "लाज नाही वाटत तुला? बाईमाणूस शॉक लागून मेलं असतं तर? ठेव तुझी इस्त्री तुझ्याच डोक्यावर! नाही तर मी ठेवते!"

दुकानदार भारतातलाही नव्हता. त्याला एक शब्द कळला नाही. पण त्याने मुकाट्याने नवी इस्त्री काढून दिली, वर एक्स्टेन्शन कॉर्ड फुकट!

घरी आल्यावर मी विचारलं, "काय गं, कुठलं कलम लावलंस?"

"अंकल, प्लीज," ती म्हणाली. "आय लॉस्ट माय टेम्पर."

*

वाघमारेचं उलट. त्याला राग येताना मी पाहिलेला नाही.

दुखान म्हणजे पश्चिम किनारा, तेल कंपनीची वसाहत. तिथून तो दर शुक्रवारी जुनी गाडी चालवत यायचा. रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळवंट. या रस्त्यावर तो मोठमोठ्याने युक्तिवादाचा सराव करायचा. मधेच गाडी बाजूला घेऊन उतरायचा आणि उंटांसमोर उभा राहून बोलायचा.

"उंटांसमोर?" ग्रेटाने विचारलं. "व्हाय?"

"ऐकून घेतेत," वाघमारे म्हणाला. "मधीच ऑब्जेक्शन घेत न्हाईत."

अश्फाक म्हणाला, "म्हणूनच तुझी सवय बिघडली. कोर्टात समोरचा रवंथ करत बसत नाही."

वाघमारेने जरा विचार केला. "तू मागच्या शुक्रवारी माझं ऐकताना काय करायलतास? चिकन खायलतास की!"

*

आता जरा निवांत सांगतो, कारण यात हसण्यासारखं थोडंच आहे.

या विद्यापीठाचं परीक्षा केंद्र बहारीनला. विमानाने जेमतेम पाऊण तास, पण कतारमधून बाहेर पडायला कंपनीचं एक्झिट परमिट लागतं. अश्फाकचा अरबाब, म्हणजे मालक, दिलदार; सही करून द्यायचा. ग्रेटा वडिलांच्या व्हिसावर, ते नाही कशाला म्हणतील? चौथा मुनाफ दळवी, त्याचंही जमायचं. राहिला वाघमारे. त्याच्या मॅनेजरचा नियम एकच: परमिट मिळेल ते दोन वर्षांतून एकदा, घरी जायच्या रजेला. मधे कशालाही नाही.

पहिल्या वेळी वाघमारे अर्ज घेऊन गेला तेव्हा मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला."

वाघमारे खूश होऊन आला. आमच्या हॉलमध्ये त्या एका शब्दावर अख्खी दुपार वाद झाला. ग्रेटाचं म्हणणं, हे तोंडी वचन धरता येईल. अश्फाकने कपाळावर हात मारला.

"अगं, मी म्हणतो तेव्हा इन्शाल्ला म्हणजे हो. माझी अम्मी म्हणते तेव्हा इन्शाल्ला म्हणजे बघू. मॅनेजर म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ: पुन्हा माझ्या केबिनमध्ये येऊ नकोस."

तसंच झालं. त्या वर्षी परीक्षा हुकली. पुढच्या वर्षीही हुकली. तोवर बाकीचे तिघं एकेक पायरी पुढे गेलेले, आणि वाघमारे त्यांना त्याच पायरीवरून प्रश्न विचारायचा. विद्यापीठाचं पत्र आलं: सलग तिसऱ्यांदा गैरहजर राहिल्यास नाव रद्द. येत्या ऑक्टोबरला नाही बसला, तर इतक्या वर्षांचा अभ्यास खलास.

पत्र आलं त्या शुक्रवारी पाळी त्याचीच होती. त्याने मटण केलं. मीठ टाकायला विसरला.

अश्फाक, जो चहात साखर कमी पडली तरी नोटीस द्यायचा, तो दोनदा मागून जेवला.

*

त्या विद्यापीठाच्या आखातातल्या विद्यार्थ्यांची एक परिषद होती. दुबईचा प्रतिनिधी, कुवेतचा प्रतिनिधी, मस्कतचा प्रतिनिधी. वर्षातून एकदा बहारीनला बैठक. परीक्षा केंद्र कुठे द्यायचं हे त्या बैठकीत ठरे, कारण विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या बाई स्वतः येत. फक्त कतारचा प्रतिनिधी कधीच नव्हता. आमच्या चौघांना वाटायचं, दुसरं कुणीतरी असेल. कतारमध्ये दुसरं कुणी या अभ्यासाला नव्हतंच!

ग्रेटाने हे शोधून काढलं आणि जानेवारीत सगळ्यांना बसवलं. कतार विभागाचा प्रतिनिधी निवडायचा, त्याने बहारीनला जाऊन दोह्यात केंद्र मागायचं. वाघमारेचं वर्ष वाचवायचा दुसरा मार्ग नव्हता.

मी विचारलं, "मग कोण उभं राहतंय?"

चौघंही एकमेकांकडे बघायला लागले.

आपल्या लोकांची ही एक खोड आहे. पद प्रत्येकाला हवं असतं, पण आपलं नाव सुचवायचं ते दुसऱ्याने! अश्फाक तर खुर्चीच्या टोकावर आलेला. कुणीतरी फक्त 'अश्फाकच योग्य' एवढं म्हणावं, म्हणजे तो 'छे छे, माझी कुठे लायकी' म्हणायला मोकळा. तो खोकला. वाघमारेने त्याला पाणी दिलं. तो पुन्हा खोकला. मारियाने आल्याचा तुकडा आणून दिला.

शेवटी ग्रेटा म्हणाली, "धिस इज रिडिक्युलस. आय विल स्टँड."

अश्फाकचा खोकला तत्काळ बरा झाला. "मग मीही!"

*

निवडणूक म्हटल्यावर घटना आली. अश्फाकने दोन आठवडे बसून लिहिली, शोरूमच्या प्रिंटरवर छापली आणि आमच्या फ्रिजवर चिकटवली. मतदान गुप्त. प्रतिनिधीने बहारीनच्या बैठकीस जातीने हजर राहावं. प्रतिनिधीने इंग्रजीत बोलावं. हे कलम, ते कलम. पळीचा नियम त्याने अर्थातच गाळला.

वाघमारे फ्रिजसमोर उभा राहून सगळं वाचून आला. "आन् पळी?"

"ती रूढी आहे, कायदा नाही."

"मग मतदान घ्या."

एकाविरुद्ध तीन! अश्फाकला स्वतःच्या हाताने शेवटी पेनने लिहावं लागलं: 'सभेचा अध्यक्ष त्या दिवशी स्वयंपाक करणारा सभासद. वाद झाल्यास त्याचा निर्णय अंतिम.'

लिहिताना त्याचा चेहरा नव्या गाडीचे पैसे भरून जुनी गाडी हाती आलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला होता.

*

मग प्रचार! मतदार चार, त्यांतले दोन उमेदवार. वाघमारे म्हणाला, "मी मत गुप्त देनार, बोलनार न्हाई." उरला मुनाफ.

मुनाफ दळवी रायगडचा, उत्तरेला अल रुवैसच्या बंदरात मासळीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. महिन्यातून दोनदाच यायचा, पण आला की सुरमई घेऊन. अश्फाक काळा कोट घालून थेट रुवैसला पोचला.

मुनाफने नंतर मला सांगितलं, "अंतोनचाचा, लांबून मला वाटला सरकारी मानूस आयलाय. मी आधी सगळ्या बोटींचे कागद काढून टेबलावर ठेवले!"

अश्फाकने त्याला अर्धा तास भाषण दिलं. मुनाफने त्याला भाजलेला हमूर मासा खायला घातला आणि मत कबूल केलं. दोन दिवसांनी ग्रेटाचा फोन. मुनाफने तिलाही मत कबूल केलं.

मी म्हटलं, "अरे, दोघांना हो म्हणालास?"

"एक एवढा लांब आयला, एकीने एवढ्या आदराने फोन केला. नाय कसा म्हनायचा, चाचा?"

"पण मत तर एकच आहे!"

"तो सवाल मतदानाच्या दिवशी," मुनाफ म्हणाला. "जबान तर दोघांची राखली ना आज?"

*

मतदान फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी झालं. स्वयंपाकाची पाळी अश्फाकची. म्हणजे उमेदवार तोच, अध्यक्ष तोच. ग्रेटाने आल्या आल्या घटनेकडे बोट दाखवलं, "कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट!" अश्फाक पळी हलवत म्हणाला, "माझी चूक नाही. मी पळी गाळलीच होती."

आधी दोघांची भाषणं. अश्फाक छान बोलला; तो बोलतोच छान. केंद्र मागण्याची सात कारणं त्याने सांगितली. ग्रेटा उभी राहिली आणि इंग्रजीत एवढंच म्हणाली की, आपल्या तिघांना बहारीनला जायचा कंटाळा येतो, वाघमारेदादांना जाताच येत नाही. जो कोणी निवडून येईल त्याने हा फरक लक्षात ठेवावा.

वाघमारे मान खाली घालून कांदा चिरत होता. अश्फाकची पळी जरा थांबली.

चिठ्ठ्या मारियाच्या चहाच्या डब्यात टाकल्या. मी सभासद नाही, म्हणून मोजणी माझ्याकडे. पहिली उघडली. "अश्फाक." दुसरी. "ग्रेटा." तिसरी. "वाघमारे."

"आँ?" वाघमारे उठून उभा राहिला.

चौथी. "वाघमारे."

"कुनी चेष्टा केली?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. मुनाफ छतावरचा पंखा बघत होता. ग्रेटा नखं बघत होती. अश्फाक पातेल्यात बघत होता. सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, अक्षरावरून काहीच कळेना.

मुनाफ म्हणाला, "पन हा तर उभाच राहिला नव्हता. ही दोन मतां बाद ना?"

खरंच की! दोन बाद धरली तर एक-एक बरोबरी. आणि बरोबरी झाली तर निर्णय अध्यक्षाचा, म्हणजे अश्फाकचा. त्याच्या हातात पळी होती, मागे फ्रिजवर त्यानेच लिहिलेली घटना. बोलायचं फक्त एक वाक्य, आणि कतार विभागाचा प्रतिनिधी तो. काळा कोट दारामागे खुंटीवर होताच.

अश्फाकने रस्सा ढवळला. चव घेतली. मीठ घातलं. पुन्हा चव घेतली.

"निवडून यायला आधी उभं राहायला लागतं, असं घटनेत कुठं लिहिलंय?" तो म्हणाला. "मतं वैध. वाघमारे विजयी. ताटं घ्या."

*

दोन दिवसांनी दुखानहून वाघमारेचा फोन.

"काका, एक सांगायचं ऱ्हायलं."

"बोल."

"बहारीनला जातीनं हजर ऱ्हावं असं कलम हाय ना?"

"हो."

"मला बहारीनला जाताच येत न्हाई की!"

 कायदा शिकणारे चार जण, फ्रिजवर पानभर घटना, आणि देशाबाहेर जाऊ न शकणाऱ्या एकाच माणसाला आम्ही बाहेर जायच्या कामासाठी निवडून दिलं होतं!

तो मॅनेजरकडे जाऊन आला होता. सांगितलं की मला कतार विभागाचा प्रतिनिधी निवडलंय. मॅनेजरने उभं राहून हात मिळवला, "मबरूक! अभिनंदन!" म्हणाला, चहा मागवला. परमिट दिलं नाही.

मी अश्फाकला फोन लावला. "अरे, तुझ्या लक्षात नाही आलं?"

"काय, काका?"

"वाघमारेला परमिट मिळत नाही हे!"

तो खोकला. मग म्हणाला, "काका, त्या दिवशी रस्सा कसा झाला होता? मीठ बरोबर होतं ना?"

संध्याकाळी जिन्यात ग्रेटा भेटली. तिलाही तेच विचारलं. ती मराठीत म्हणाली, "मला काय माहीत, अंकल!" आणि दोन-दोन पायऱ्या चढत निघून गेली. रागावलेली मुळीच वाटत नव्हती.

*

तर आता २ एप्रिल.

परिषदेने फोनवरून बोलायची परवानगी दिली होती, एवढंच. बैठक बहारीनला, आणि आमचा प्रतिनिधी नजमात, माझ्या सोफ्यावर, इस्त्रीचा शर्ट आणि माझा टाय घालून. समोर स्पीकरवाला फोन. तो मारियाने मैत्रिणीकडून आणलेला. मांडीवर अश्फाकने टाइप करून दिलेली सात कारणं.

पाळी ग्रेटाची. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा शुक्रवार, त्यामुळे आम्हा वसईच्या ख्रिस्ती मंडळींना मांस नाही. मुनाफ रुवैसहून सुरमई घेऊन आला होता. ग्रेटा जन्मात पहिल्यांदा माशाचं कालवण करत होती आणि मारियाला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नव्हती.

फोन वाजला.  अध्यक्षांचा आवाज आला, जरा खरखरता. मग एकेका देशाच्या प्रतिनिधीने आपलं नाव सांगितलं. दुबई हजर. कुवेत हजर. मस्कत हजर.

"कतार?"

"प्रेझेंट... न्हाई, सर," वाघमारे म्हणाला. पहिला शब्द इंग्रजीत, दुसरा घाबरून मराठीत! मग सावरून इंग्रजीत, "ऑन फोन, सर."

तिकडून एका बाईंचा आवाज आला. परीक्षा विभागाच्या त्याच. स्वर जरा करडा होता. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा: टेबलाभोवती कतारची खुर्ची मांडलेली आहे आणि ती रिकामी आहे. सगळे दुरून आले. विमानाने एवढ्या जवळ असलेल्या देशाचा प्रतिनिधी तेवढा येऊ शकला नाही? तुम्हाला केंद्र हवंय आणि तुम्ही बैठकीलाही येत नाही?

अश्फाकने कागदावरच्या पहिल्या कारणावर बोट ठेवलं. वाघमारेने त्याच्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

त्याचं इंग्रजी हळू असतं, एकेक शब्द वाळूतून पाय काढल्यासारखा. तो म्हणाला, "मॅडम, मला देश सोडायची परवानगी मिळाली नाही, म्हणून मी बैठकीला आलो नाही. दोन वर्षं परवानगी मिळाली नाही, म्हणून परीक्षेलाही आलो नाही. तुमच्या रजिस्टरात तिथे गैरहजर लिहिलं आहे. ती खुर्चीसुद्धा अशीच रिकामी होती. मला एवढंच सांगायचं आहे."

फोनवर काही ऐकू येईना. मुनाफने वाकून तार बघितली, लागलेली होती. मग तिकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज. बाई म्हणाल्या, "आम्ही परत फोन करतो." या वेळी स्वर वेगळा होता, पण कसा ते मला सांगता येणार नाही.

फोन बंद.

वाघमारेने टाय सैल केला. "चुकलो का, काका? सात कारनं ऱ्हायली."

 अश्फाक उठला, खिडकीपाशी गेला, घसरलेला टॉवेल फटीत नीट बसवला आणि पाठमोराच म्हणाला, "उंटांनी चांगलं शिकवलंय तुला."

वेळ जाईना. एकदा फोन वाजला. तो मारियाच्या मैत्रिणीचा, तिचा फोन नीट चालतोय का विचारायला. मुनाफ तिला म्हणाला, "बाई, ठेवा, ठेवा! यल्ला!" आणि धाडकन आपटला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात ग्रेटा उभी राहिली. कपाळावर घाम, ॲप्रनवर हळद. "ताटं घ्या."

अश्फाक म्हणाला, "फोन येऊ दे आधी. कुणाला जेवण जातंय आता?"

"पळी माझ्या हातात आहे," ग्रेटा म्हणाली. "बसा सगळे."

पहिला घास घेतला. कालवण तिखटजाळ! मुनाफच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण कुणी काही बोललं नाही. वाघमारेने दुसरा घास कालवला आणि फोन वाजला. त्याचा उजवा हात भाताने भरलेला. त्याने डाव्या हाताने बटण दाबलं.

दोहा केंद्र येत्या ऑक्टोबरपासून मंजूर. परीक्षार्थी चार.